खिशाला झेपतील अशा सहली : पोरांना खान्देशातली कला कशी दाखवावी

खान्देशात पाहण्यासारखं जे आहे, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना तिकीटच नाही. जळगावच्या रथाला नाही, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला नाही, तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेव मंदिराला नाही. तरी चौघांचं कुटुंब एका रविवारी बाहेर पडलं की पाकीट रिकामं होऊन घरी येतं. पैसे जातात भाड्याच्या गाडीत, हॉटेलच्या जेवणात आणि ‘आलोच आहोत तर तेही करून घेऊ’ म्हणत जोडलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणात. पोरांचा कंटाळाही त्या तिसऱ्या ठिकाणीच सुरू होतो. मग कंटाळलेल्या पोराला आईस्क्रीम, खेळणं, मोबाइल.

म्हणून पहिला नियम : एका फेरीत एकच गोष्ट, तीही जवळून. पाच ते सात वर्षांचं मूल एका जागी पाऊण तास मन लावून पाहतं, आठ ते अकराचं सव्वा-दीड तास. त्यापुढे ओढलं तर पाहिलेलंही पुसलं जातं. दुसरा नियम : मुलाच्या हाताला काम हवं. नुसतं ‘बघ, किती सुंदर आहे’ म्हणून कुणी बघत नाही. शोधायला, मोजायला, काढायला काही दिलं की बघतं.

आधी प्रवासाचा हिशेब

एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांना अर्धं. मार्च २०२३ पासून राज्यातल्या प्रवासात बायकांनाही अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या आजी-आजोबांना अर्धं, पंचाहत्तरीपुढे फुकट. म्हणजे आई, वडील, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा निघाले तर वडिलांचं एक, आईचं अर्धं, मुलीचं अर्धं, अशी चौघांना मिळून दोनच पूर्ण तिकिटं पडतात. ७६ वर्षांच्या आजोबांना सोबत घेतलं तर खर्च एक पैसाही वाढत नाही, आणि पोरांना गोष्ट सांगणारा माणूस मिळतो. आजोबांचं आणि मुलांचं आधार कार्ड जवळ ठेवा. वयावरून कंडक्टरशी वाद होतो तो कागद नसल्यामुळेच.

रेल्वेच्या जनरल डब्यातही पाचपर्यंत फुकट, बारापर्यंत अर्धं. भुसावळ-सुरत मार्गावर जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही गावं ओळीने येतात, आणि चाळीसगाव-धुळे ही फाट्याची लाइन वेगळी. पॅसेंजरनं जाणं पोरांसाठी अर्धी सहल असते. फक्त परतीच्या गाडीची वेळ निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. ती गाडी चुकली की रिक्षा-जीपला जे मोजावं लागतं, त्यात दिवसभराची काटकसर वाहून जाते.

डब्यात दशम्या न्या. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि डझनभर केळी. केळी आपल्याकडे स्वस्त आणि सालीसकट स्वच्छ. रस्सा आणि ताक टाळा, सांडतं. पाणी माणशी दीड लिटर. खान्देशातल्या उन्हात हे जास्त नाही. मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत उघड्यावरची कुठलीही जागा सकाळी साडेदहाच्या आत आटोपायची. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत दगड तापतो, पोरं मलूल होतात, आणि त्यांना मग त्या मंदिराचीच धास्ती बसते.

खाऊचे पैसे घरून निघतानाच मुलाच्या हातात द्या. रक्कम तुम्ही ठरवा, पन्नास असोत की शंभर. ‘हे तुझे, आज यातच, उरले तर तुझेच.’ हट्टाची जागा हिशेब घेतो. यात्रेत पहिल्या पाळण्यापाशी सगळे उडवलेलं पोरगं पुढच्या यात्रेत आधी पूर्ण चक्कर मारतं. मध्येच दया येऊन जास्तीचे पैसे दिलेत तर मात्र सगळा बेत मोडला.

अजिंठा : चार लेण्या पुरेत

अजिंठा जिल्ह्याने छत्रपती संभाजीनगरात, पण जळगावहून साठेक किलोमीटर. खान्देशातल्या मुलाने जगातलं इतकं मोठं चित्रकाम शेजारी असताना ते बघू नये, हे पटणारं नाही. लेणी सोमवारी बंद असतात. शाळेला सुट्टी आहे म्हणून सोमवारी निघालेली कुटुंबं फर्दापूरहून परत फिरतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट आहे, मोठ्यांना भारतीयांचं तिकीट लागतं. एसटीने फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरायचं. तिथून पुढचे चारेक किलोमीटर लेण्यांच्या बसनेच जावं लागतं, खासगी गाडी वर सोडत नाहीत. त्या बसचे पैसे वेगळे, ते हिशेबात धरा. जळगावहून पहाटेची बस धरून लेणी उघडताना पोचलं तर दुपारच्या गर्दीआधी बाहेर पडता येतं.

सगळ्या लेण्या पाहायचा हट्ट सोडा. लेण्यांचे आकडे वाटेवरच्या क्रमाने दिलेले आहेत, वयाप्रमाणे नाहीत. त्यामुळे एकपासून सुरुवात करून ‘जुन्याकडून नव्याकडे’ जाता येईल हा समज चुकीचा. मुलांसोबत पहिल्या फेरीत १, १०, १७ आणि २६ एवढ्याच करा.

लेणं १ मध्ये शिरल्यावर पोरं म्हणतात, ‘काहीच दिसत नाही.’ बाहेरच्या उन्हातून आलेले डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात. दोन-तीन मिनिटं भिंतीकडे न बघता खाली बघत उभं राहायचं, मग वर बघायचं. रंग आपोआप उमटू लागतात. फ्लॅश मारायला बंदी आहे, कारण प्रखर प्रकाशाने रंगांना इजा होते. मोबाइलचा फ्लॅश आत शिरण्याआधीच बंद करून ठेवा, ऐनवेळी चुकून उडतो. रंगकाम असलेल्या लेण्यांत चप्पल बाहेर काढावी लागते, म्हणून नाडीचे बूट घालू नका. दरवेळी पाच मिनिटं जातात.

इथे शोधायला द्या : एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत, पण डोकं एकच. कुठल्याही हरणाकडून बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. मुलाला सापडेपर्यंत सांगू नका. सापडलं की गाभाऱ्याच्या अलीकडे, डाव्या बाजूच्या भिंतीवर, हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी. त्याच्यासमोर मुलाला तसं उभं राहायला सांगा : कमरेतून किंचित बाक, मान कलती, डोळे खाली. पाच सेकंदांत कळतं की चित्रकाराने किती अवघड उभं राहणं किती सहज दाखवलं आहे.

लेणं १० हे अजिंठ्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी, इसवीसनापूर्वीचं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं दालन. एप्रिल १८१९ मध्ये शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि त्याने याच लेण्यात आपलं नाव खरवडून ठेवलं. जुन्या चित्रावर खरवडलेलं नाव दोनशे वर्षांनीही तसंच आहे, एवढं पोरांना सांगितलं तर भिंतीला हात लावू नये हे पुन्हा सांगावं लागत नाही. लेणं १७ जातककथांनी, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टींनी भरलेलं आहे. सहा दातांच्या हत्तीची, म्हणजे छद्दंताची गोष्ट आदल्या रात्री घरी सांगून ठेवा आणि इथे हत्ती शोधायला लावा. माहीत असलेली गोष्ट भिंतीवर भेटली की मूल तिथून हलत नाही. लेणं २६ टोकाला आहे. तिथला पहुडलेला बुद्ध सात मीटरहून लांब आहे. त्याच्या शेजारून पायापासून डोक्यापर्यंत पावलं मोजत चालायला सांगा.

माकडांपासून सावध. हातात दिसणारी पिशवी ती ओढतात. डबा बाहेर येऊनच उघडा.

घरी अजिंठ्याची भिंत

ही अर्धी मजा आहे, आणि खर्च नगण्य. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. दगडावर भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग अशी ती पद्धत. घरी तेच करता येतं.

वहीएवढा फळीचा तुकडा घ्या आणि त्यावर गोणपाट फेविकॉलने चिकटवा. नुसत्या गुळगुळीत फळीवर माती धरत नाही, वाळली की पापुद्र्यासारखी सुटते. दोन वाट्या चाळलेली माती, एक वाटी गव्हाचा बारीक भुसा, चालत असेल तर अर्धी वाटी शेण. पाणी थोडं थोडं घालत पोळीच्या कणकेहून सैल मळा आणि रात्रभर झाकून ठेवा. पहिला थर अर्ध्या सेंटिमीटरचा, बोटांनी दाबून, खडबडीतच ठेवायचा. तो सावलीत एक दिवस वाळल्यावर त्याच मातीत बारीक चाळलेली माती जास्त घालून दोन मिलिमीटरचा दुसरा थर, ओल्या हाताने गुळगुळीत करून. पुन्हा दोन दिवस सावलीत. उन्हात ठेवलं तर वरचा भाग आधी आकसतो आणि भेगा पडतात. सावलीतही भेगा पडल्या तर भुसा कमी झाला असं समजा. पुढच्या वेळी दीड वाटी घाला. पडलेल्या भेगा ओल्या मातीने बुजवता येतात.

पांढऱ्या हातासाठी खडूची पूड. चुना वापरू नका, मुलांच्या कातडीला आणि डोळ्यांना भाजतो. चमचाभर बाभळीचा डिंक अर्धी वाटी कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळा. याच डिंकपाण्यात खडूची पूड ताकाएवढी पातळ करून दोन हात द्या. रंगांना गेरू, पिवळी माती, दिव्याची काजळी किंवा कोळशाची पूड. अजिंठ्याचे रंग बहुतेक मातीचे आणि खनिजांचेच आहेत, निळा तेवढा लाजवर्द या दगडाचा, दूरदेशाहून आणलेला. हळद मोह पाडते, पण ती उजेडात काही दिवसांत उडते. एक चमचा रंगाला दोन चमचे डिंकपाणी. वाळल्यावर बोट फिरवलं आणि रंग बोटाला आला तर डिंक कमी पडला. रंग चकाकला आणि टवके उडाले तर जास्त झाला. आधी फळीच्या कोपऱ्यात करून बघा. प्रथम गेरूने रेषा, मग आत रंग, शेवटी काळ्याने पुन्हा रेषा. मुलांना उलटं करावंसं वाटतं, म्हणून हा क्रम आधीच सांगून ठेवा.

चाळीसगाव : केकी मूस आणि टेबलावरचं जग

चाळीसगाव स्टेशनाजवळच केकी मूस यांचं घर आहे, आता कलादालन झालेलं. केकी मूस (१९१२–१९८९) छायाचित्रकार, चित्रकार. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी याच घरात एकांतात घालवला. मुलांसाठी हे ठिकाण अनेक मोठ्या संग्रहालयांपेक्षा चांगलं, कारण ते एका माणसाचं घर आहे आणि छोटं आहे. रेल्वेने उतरून चालत जाता येतं. उघडं असल्याची खात्री मात्र आधी करूनच निघा. अशी छोटी दालनं मोजक्या माणसांवर चालतात, आणि दार बंद मिळालं तर सहलीतलं सगळंच गेलं.

त्यांची ‘टेबल टॉप’ छायाचित्रं पाहताना मुलांना आधी फक्त विचारा, ‘हे कुठलं गाव असेल?’ बर्फ, झाडं, डोंगर दिसतात. ते सगळं टेबलावर घरातल्या वस्तूंनी मांडून टिपलेलं आहे, हे नंतर सांगा. मूल परत पहिल्या फोटोकडे धावतं, कुठे काय वापरलं ते शोधायला. तो दुसरा फेरा हाच खरा पाहण्याचा.

घरी हे करायला टेबल, मोबाइल आणि एक टॉर्च पुरते. वर्तमानपत्राचे बोळे करून त्यावर मळकट रंगाचं कापड टाका : डोंगर. मीठ भुरभुरा : बर्फ. वाळलेल्या तुरीच्या किंवा बोरीच्या बारीक काटक्या मातीच्या गोळीत खोचा : झाडं. फुटका नसलेला छोटा आरसा : तळं, त्याच्या कडा मातीने झाका. मागे साधी चादर, मांडणीपासून निदान हातभर लांब. जवळ असली तर डोंगराची सावली आकाशावर पडते आणि गंमत तिथेच संपते. खोलीतला दिवा बंद. टॉर्च एका बाजूने, टेबलाच्या उंचीला, जणू सूर्य मावळतो आहे असा. मोबाइल टेबलालाच टेकवून, भिंग खाली येईल असा उलटा धरा. वरून काढलेला फोटो टेबलाचा दिसतो, खालून काढलेला गावाचा. तरी खोटं वाटलं तर बहुतेक कापडाची वीण दिसत असते किंवा मिठाचे दाणे मोठे असतात. मीठ मिक्सरमधून काढा, कापडावर माती चाळा. आठ वर्षांपुढची पोरं यात सहज तीन तास रमतात.

चाळीसगावहून अठराएक किलोमीटरवर पाटणादेवी. तिथल्या चंडिकादेवीच्या जुन्या दगडी मंदिरासाठी आणि जंगलासाठी वेगळा दिवस ठेवा, पावसाळ्याच्या शेवटी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा, इ.स. १२०७ चा शिलालेख पाटणचाच. गणिताला घाबरणाऱ्या मुलाला इथे आणून मंदिराचे कोन मोजायला लावा.

धुळे : हस्तलिखितं आणि बोरू

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या दोन्ही ठिकाणी जुनी हस्तलिखितं जपलेली आहेत. वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हातचं वाल्मीकी रामायण आहे. या अभ्यासकांच्या जागा आहेत, बागा नव्हेत. नऊ वर्षांखालची मुलं नेऊ नका, एका वेळी पाच-सहा जणांहून जास्त नको, आणि आधी विचारून वेळ घ्या. वेळ घेऊन आलेल्यांना माणसं आस्थेने दाखवतात, न सांगता धडकलेल्यांना नाही.

जाण्याआधी आठवडाभर बोरूच्या लेखणीने लिहायला शिकवा, म्हणजे समोरच्या अक्षराची किंमत कळते. वाळलेला बोरू घ्या, टोक तिरपं तासा, मग टोकाचा अगदी शेवट कटणीवर ठेवून थोडा तिरका छाटा. मधोमध सेंटिमीटरभर चीर द्या, शाई तिच्यातून उतरते. चीर लांब झाली तर टोक फाकतं आणि डाग पडतात. कापायचं काम मोठ्यांनी करावं. शाई आखडत असेल तर थेंबभर पाणी, पसरत असेल तर थोडा डिंक. आधी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा, मग स्वतःचं नाव, मोडीचा तक्ता मिळाला तर मोडीत.

धुळ्याच्या उत्तरेला, शिरपूरच्या वाटेवर सोनगीर आहे, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. किल्ला चढायचा असेल तर सकाळी लवकर, आणि उतरल्यावर तांबटाच्या दुकानात. काम चालू असताना बाजूला उभं राहायचं, मुलाने हत्यारांना हात लावायचा नाही, आणि निघताना एखादा छोटा गडू किंवा पळी घ्यायची. कारागिराचा वेळ फुकट घेणं बरोबर नाही, आणि ही गोष्ट मुलांसमोरच करायची.

रथ, यात्रा, घोडे

जळगावचा श्रीरामाचा रथ कार्तिक शुद्ध एकादशीला निघतो, १८७२ पासून. जुन्या जळगावच्या अरुंद गल्ल्यांतून तो लाकडी रथ जातो तेव्हा त्याला वळवण्या-थांबवण्याचं काम चाकाखाली मोगरी लावणारे करतात. मुलांना रथापेक्षा हेच बघायला लावा : एवढं मोठं धूड एका लाकडी ठोकळ्याने कसं थांबतं. पण गल्लीत उभं राहून नाही. ओळखीच्या घराचा ओटा किंवा गॅलरी मिळाली तरच थांबा. सात वर्षांखालच्यांना घेऊन सकाळी, रथ सजताना आणि पूजेच्या वेळी मंदिराशी जाऊन या, जवळून दिसतो आणि धक्काबुक्की कमी. त्याहून उत्तम म्हणजे आधीच्या रात्रींची वहनं, म्हणजे देवाच्या वाहनांच्या मिरवणुका. रोज वेगळं वहन, घोडा, हत्ती, सिंह, आणि गर्दी रथापेक्षा कितीतरी कमी. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच. शर्टाच्या बाहेर नाव लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल विश्वास ठेवतं.

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, तापीकाठी. मारवाडी आणि काठियावाडी जातींचे घोडे, पांढरे नुकरे. सकाळी जा, धूळ कमी असते आणि घोडे खरारा करून उभे असतात. घोड्याच्या मागून जायचं नाही, मालकाला विचारल्याशिवाय हात नाही, खाऊ नाही. कान मागे चिकटवले म्हणजे घोडा चिडला आहे, पुढे टवकारले म्हणजे तो बघतो आहे. एवढं शिकवून मुलाला कान बघत फिरू द्या. सोबत कोरी वही आणि पेन्सिल. एकाच घोड्यापाशी दहा मिनिटं बसून काढलेलं वेडंवाकडं चित्र पन्नास फोटोंपेक्षा जास्त बघायला लावतं.

सातपुड्यातली होळी, अक्कलकुव्याजवळच्या काठी गावची, रात्रभर चालते आणि पहाटे पेटते. घाटाचा रस्ता, थंडी, जागरण : दहा वर्षांखाली नको. लहानांसाठी होळीआधीच्या आठवड्यातले भोंगऱ्या बाजार दिवसाउजेडी बघता येतात, ढोल-बासरीसह. या बाजारात मुलंमुली जोडीदार निवडतात, पळून जातात, ही बाहेरच्यांनी पसरवलेली कहाणी पोरांना सांगू नका. तो होळीचा बाजार आहे. मोरपिसांचे टोप आणि कमरेचे भोपळे बांधून नाचणारे नवस पाळत असतात, त्यांचे खाण्या-निजण्याचे कडक नियम असतात. टोपाला हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. तुमच्या पोराने विचारलं की बहुतेक हो म्हणतात.

नाटक आणि गाणं

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या आपल्याकडे जळगावात होतात, तिकीट अगदी नाममात्र असतं. बालनाट्याची फेरी वेगळी, आणि मुलाचं पहिलं नाटक तेच असावं : तासाभराचं, मुलांनीच केलेलं. दोन अंकी मोठ्यांच्या नाटकाने सुरुवात केली तर पोर झोपतं आणि ‘नाटक म्हणजे झोप’ हे पक्कं होतं. जागा मधल्या रांगांत, कडेची धरा. अगदी पुढे बसलं तर लहानांना मोठ्या आवाजाची आणि अंधाराची भीती वाटते. दुसऱ्या घंटेआधी लघवीला नेऊन आणा. काळोख होणार, मग उजेड येणार, हे आधी सांगा. नाटक संपल्यावर लगेच उठू नका. परवानगी मिळाली तर पुढच्या संघासाठी सेट उतरवताना दहा मिनिटं बघू द्या. दगडी भिंत म्हणजे कापड आणि पट्ट्या आहे हे कळल्यावर मूल घरी येऊन खाटेवर नाटक मांडतं.

जानेवारीत जळगावात बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. तिथे मुलांना सुरुवातीला न्या : तंबोरे जुळवणं, तबल्याच्या गट्ट्या ठोकणं त्यांना नीट समजतं. एक राग संपेपर्यंत बसवा, मधल्या विरामात बाहेर पडा. रागाच्या मध्यात उठायचं नाही हे एकदाच शिकवावं लागतं.

घरची भुलाबाई

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, कुणाकडे गुलाबाई. फारसा खर्च न करता महिनाभर गाणं, नाच आणि मूर्तिकाम. बाजारातून मूर्ती आणण्याऐवजी मुलांनाच घडवू द्या : भुलाबाई-भुलोजी वीतभर उंचीचे, माती तासभर मळलेली, आणि डोकं वेगळं करून चिकटवण्याऐवजी एकाच गोळ्यातून ओढून काढलेलं. चिकटवलेलं डोकं वाळताना हमखास पडतं. मुलगेही बसवा, टिपऱ्यांचा ताल त्यांनाही हवा असतो. गाणी आजीकडून, आणि ती अहिराणीत म्हणत असेल तर तशीच. दोन ओळी झाल्या की मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, रोज एक गाणं, नाव आणि गाव सांगून. खिरापत मुलांनी ओळखायची : डबा हलवून, वासाने, ‘गोड की तिखट’ एवढाच प्रश्न विचारून. मुरमुरे, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की असं वीस-पंचवीस रुपयांत बसणारं रोज एकेका घराने आणायचं. एखादं घर पेढे-केक आणू लागलं की बाकीच्यांवर ओझं पडतं, म्हणून ही मर्यादा पहिल्याच दिवशी सगळ्या आयांनी मिळून ठरवा.

रथ, दत्तजयंती, होळी, भुलाबाई हे सगळं तिथीने येतं, दरवर्षी तारीख सरकते. नवं कॅलेंडर घरात आलं की पहिल्याच संध्याकाळी मुलांकडून या तिथींवर रंगीत खुणा करून घ्या, आणि त्याच आठवड्यात शाळेच्या परीक्षा आहेत का तेही बघून ठेवा.